फोनच्या पलीकडं माणूस हाय का?

बलात्कार झाल्यावर पोरीला पहिल्यांदा काय मिळतं? चौकशी मिळते. कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, अंगात काय घातलं होतंस, ओरडली का नाहीस. मग आई मिळते. ती म्हणते, 'कुनास्नी सांगू नगंस.' मग गावचे चार शहाणे मिळतात. ते म्हणतात, 'मिटवून टाका, पोरीची जात हाय.' मग पोलीस, मग डॉक्टर, मग वकील, मग पत्रकार. आणि सगळ्यात शेवटी आपण, झेंडे घेऊन. एवढी गर्दी जमते. पण पोरी, जेवलीस का, रात्री डोळा लागतो का, दार वाजलं की काळजात धस्स होतं का, असं विचारणारं एक माणूस त्या गर्दीत नसतं.

हा लेख त्या नसलेल्या माणसाबद्दल आहे. कारण आता सरकारनं, कंपन्यांनी आणि अनुदानावर जगणाऱ्या संस्थांनी त्याच्या जागी फोन बसवायला घेतलाय. अ‍ॅप घ्या. बटण दाबा. नंबर फिरवा. श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा. हल्ली तर पलीकडून यंत्रच उत्तर देतं. त्याला झोप येत नाही, पगार लागत नाही, आणि ते युनियनही करत नाही. सरकारला आणखी काय पाहिजे?

यावर आपल्यात दोन तऱ्हेची माणसं आहेत. पहिली म्हणतात, मानसिक आघात, समुपदेशन हे सगळं पांढरपेशांचं थेर. आपल्या बायांना मनाचं कौतुक परवडत नाही, त्यांना न्याय पाहिजे. दुसरी म्हणतात, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, प्रश्न सुटला. पहिल्यांना वाटतं, गरिबाला मन नसतं. दुसऱ्यांना वाटतं, गरिबाचं मन रिचार्जवर चालतं. दोघंही चूक आहेत. का, ते सांगतो.

गडमुडशिंगी घ्या. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला चिकटलेलं, विमानतळाच्या धावपट्टीशेजारचं गाव. इथली माणसं गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जातात, गांधीनगरच्या कापडदुकानांत कामाला जातात, हुपरीला चांदीच्या कामाला जातात. गाव म्हणावं तर शहर, शहर म्हणावं तर गाव. डोक्यावरून विमान जातं आणि खाली वाडा वेगळा, वस्ती वेगळी. अशा गावात रात्री साडेनऊला कामावरून परतणाऱ्या वस्तीतल्या पोरीवर हात पडला, तर ती कुणाकडं जाईल? हे मी घडलेलं सांगत नाही. कुठल्याही गावाचा नकाशा समोर ठेवा आणि वाट शोधा, एवढंच म्हणतोय.

ती आशाताईकडं जाईल? ताई त्याच गल्लीतली. उद्या पाणवठ्यावर, दळपाच्या गिरणीत गोष्ट पोहोचेल ही भीती. पोलीस पाटलाकडं? तो कुणाच्या घरातला, हे वस्तीला माहीत असतं. सरपंचाकडं? ज्यानं हात टाकला तो सरपंचाच्या भावकीतला निघाला तर? रात्रीचं कोल्हापूरला सीपीआरला न्यायला रिक्षा कोण आणणार? आणि सीपीआरमध्ये गेली, तपासणी झाली, औषधं मिळाली, तर पुढं? मनाच्या दुखण्यासाठी महाराष्ट्र सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. कोल्हापूरकराला जवळचं रत्नागिरी, आंबा घाट उतरून. आणि तिथलं नाव काढलं की गाव म्हणणार, 'पोरगी याडी झाली.' म्हणजे बलात्काराचा डाग एक आणि वेडाचा डाग दुसरा. कुठली आई नेईल?

आता मन म्हणजे काय थेर आहे, ते बघू. १९७४ साली अमेरिकेत अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बॉस्टनच्या सरकारी इस्पितळात रात्री-अपरात्री येणाऱ्या अशा बायकांशी बोलून पहिल्यांदा मांडलं, की बलात्कारानंतर जे होतं त्याला एक घडण असते. झोप उडते. दचकणं येतं. तेच चित्र डोळ्यांपुढं पुन्हा पुन्हा येतं. अंग बधिर होतं. काही बाया रडतात, काही अगदी शांत बसतात, आणि त्या शांत बसणारीवरच पोलीस संशय घेतो: 'हिला काय झालेलं दिसत नाही.' पुढं १९९२ साली तिथंच बार्बरा रॉथबॉम आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९५ बायकांवर आठवड्यामागून आठवडे नजर ठेवली. साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शंभरातल्या ९४ जणींना ही सगळी लक्षणं होती. तीन महिन्यांनंतर ती ४७ जणींत उरली होती.

हा आकडा नीट वाचा, दोस्तांनो. पहिल्या दिवसांत जवळजवळ सगळ्याच कोसळतात. म्हणजे कोसळणं हा कमकुवतपणा नाही, याडही नाही. ते जखमेचं रक्त आहे. आणि निम्म्या पुढच्या तीन महिन्यांत सावरायला लागतात. उरलेल्या निम्म्या अडकतात. कोण सावरतं आणि कोण अडकतं, हे फक्त झालेल्या प्रकारावर ठरत नाही. नंतर भोवतालचे कसे वागले, यावरही ठरतं. विश्वास ठेवला का दोष दिला. घरात घेतलं का कोंडून ठेवलं. आता मला सांगा, दोष द्यायचं काम आपल्या देशात सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला येतं? जिच्यामागं गाव उभं राहत नाही तिच्या. जिच्या वस्तीवर दुसऱ्या दिवशी बहिष्कार पडतो तिच्या. जिचा बाप त्याच माणसाच्या उसात कोयता चालवतो तिच्या. जातिव्यवस्था बलात्कार करून थांबत नाही. ती नंतरचे तीन महिनेही आपल्या ताब्यात ठेवते. म्हणून हे तीन महिने हा जातीचा प्रश्न आहे. पांढरपेशांचा नव्हे, आपला.

आणि त्या तीन महिन्यांत आपण काय करतो? तिला गोष्ट सांगायला लावतो. ठाण्यात सांग. महिला अंमलदार आली, तिला परत सांग. डॉक्टरला सांग. मॅजिस्ट्रेटपुढं जबाब दे. अ‍ॅट्रॉसिटी लागली म्हणून वरचा अधिकारी तपासाला आला, त्याला सांग. सरकारी वकिलाला सांग. आयोगाला सांग. आमदार भेटायला आला, कॅमेऱ्यापुढं सांग. यातलं काही कायद्यानं टळत नाही, ते मान्य. पण लोक असंही समजतात की बोलून टाकलं की मन मोकळं होतं, म्हणून जो येतो तो तिला उकरतो. हेही खोटं आहे. आघातानंतर लगेच एकदा बसवून सगळं वदवून घ्यायचं, ही पद्धत जगभर वापरात होती. २००२ पर्यंतचे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा त्यानं आजार टळतो असं दिसलं नाही. उलट अपाय होऊ शकतो असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सार आपल्या आजीलाही कळेल असं आहे: जवळ बस. सुरक्षित आहे का बघ. पाणी दे, पांघरूण दे. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर उकरू नकोस. पुढं कुठं मदत मिळेल ते सांग, आणि तिथवर पोचव. एवढंच. याला पदवी लागत नाही. पण माणूस लागतो.

ते माणूस या देशानं कधीच दिलं नाही. २६ मार्च १९७२ आठवा. त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. एक कोवळी आदिवासी मुलगी, आणि रक्षण करायला बसवलेले दोन पोलीस. तिचं नाव सगळ्या देशाला पाठ आहे. मी ते इथं लिहीत नाही. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये आरोपींना सोडलं, तिला संभोगाची सवय होती म्हणे. नागपूरच्या खंडपीठानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. हा विजय मोठा आहे, त्याला मी हलका म्हणत नाही. पण बघा, तीन कोर्टांनी मिळून तिचं शरीर तपासलं, चारित्र्य तपासलं, जखमा मोजल्या. तिला झोप लागते का, हा कुठल्याच निकालाचा विषय नव्हता. ती पुरावा होती. नंतर ती प्रतीक झाली. पुरावा आणि प्रतीक यांच्यामध्ये एक पोरगी होती, तिचं काय?

कागदावर आज बरंच काही आहे. २०१३ पासून कायदा म्हणतो की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक इस्पितळानं अशा बाईला ताबडतोब, फुकट उपचार द्यायचे. नाकारले तर शिक्षा. जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यांतही ते कलम आहे. २०१४ च्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत मनाच्या आधाराचीही तरतूद आहे. दोन बोटांची ती हलकट तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरू, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. म्हणजे तोवर चालूच होती! २०१५ पासून सखी केंद्रांची योजना आली: एका छपराखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक. २ ऑक्टोबर २०१३ ला महाराष्ट्रानं योजना काढली, नाव ठेवलं 'मनोधैर्य'. काय सुंदर नाव! मनाचं धैर्य. पण पोरीच्या घरी मनोधैर्य म्हटलं की कुणाला समुपदेशन आठवत नाही, धनादेश आठवतो. अ‍ॅट्रॉसिटीचे नियम २०१६ मध्ये सुधारले: बलात्काराला पाच लाख, सामूहिकला सव्वाआठ लाख. निम्मे वैद्यकीय अहवालावर, पाव हिस्सा आरोपपत्रावर, उरलेला पाव खालच्या कोर्टाचा निकाल लागल्यावर. पैसा पाहिजेच. आपल्या हक्काचा आहे, पै न् पै घ्या. पण त्या हप्त्यांच्या वेळापत्रकाकडं बघा. ते खटल्याच्या टप्प्यांवर बेतलंय. तिच्या रात्रींचं वेळापत्रक कुणीच केलेलं नाही.

आणि शासनाला पुरुषार्थ दाखवायचा झाला की फाशी आठवते. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं. बाकं वाजली. ते कायदा काही झालं नाही. फाशीचं विधेयक करायला एक दुपार लागते. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात दार लागणारी एक खोली आणि तिच्यात पगारी, शिकलेली एक बाई बसवायला वर्षानुवर्षं पैसे लागतात, म्हणून ते होत नाही.

मग फोन कशाला? मी फोनच्या विरुद्ध नाही, हे नीट ऐका. उलट मला वाटतं, फोनची गरज शिवाजी पेठेतल्या मुलीपेक्षा वस्तीतल्या पोरीला जास्त आहे. गावात मदत मागायची म्हणजे गावाच्याच माणसाकडं जायचं. आणि गावाचा माणूस म्हणजे गावाची जात. फोन ही वेस ओलांडतो. ज्याला तिचं आडनाव माहीत नाही, ज्याची भावकी तिच्या गावात नाही, असा आवाज तिला रात्री अडीच वाजता मिळू शकतो. दुसरं, आपली घरं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपलेली. त्या खोलीत पोरीला तोंडानं बोलता येत नाही. पांघरुणाखाली बोटानं लिहिता येतं. ज्यांना बंगल्यात स्वतःची खोली आहे त्यांना ही गोष्ट कळणार नाही. तिसरं, वेळ. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पहिल्या ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्ही टाळायची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. हे तिला त्या रात्री कुणी सांगायचं? आई म्हणणार, सकाळी बघू. आणि सकाळी घराची अब्रू आडवी येणार. दोन ओळींचा एक निरोप इथं पोरीचा जन्म वाचवतो.

आणि हा विचार काही आपल्याला परका नाही. १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. घरातल्याच पुरुषांनी नासवलेल्या विधवा, पोट वाढलं की विहीर जवळ करायच्या. त्या बायका बहुतेक उच्चवर्णीय घरांतल्या होत्या, ज्यांनी फुल्यांना शेणाचे गोळे मारले त्यांच्याच. तरीही दार उघडलं. जोतिबांनी जाहीर पत्रकं लावली: इथं या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवून जा. जाहीर कागद आणि गुप्त मदत! त्या काळची हीच हेल्पलाइन. ज्या बाईला कुणाला विचारता येत नाही तिला भिंत निरोप देत होती. पण त्या कागदाला किंमत का होती? कागदाच्या मागं सावित्रीबाई होती म्हणून. कागद वाचून आलेल्या बाईला दारात कुणीच भेटलं नसतं, तर तो कागद म्हणजे थट्टा झाली असती.

आजच्या अ‍ॅपवाल्यांना माझा हाच सवाल आहे. तुमच्या कागदामागं कोण आहे?

प्रयोगही तेच सांगतात. अमेरिकेत हायडी रेझनिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात तपासणीच्या आधी बायकांना सुमारे सतरा मिनिटांची फिल्म दाखवून बघितली: आता काय तपासतील, पुढं काय वाटू शकतं, स्वतःला कसं सांभाळायचं. १९९९ पासून त्याचे निष्कर्ष छापून आले. तपासणीची धास्ती कमी झालेली दिसली. ज्यांच्यावर पूर्वीही अत्याचार झाला होता त्यांना पुढंही फायदा दिसला. पण सगळ्यांना सारखा नाही. काहींची चिंता उलट वाढलेली दिसली. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या इस्पितळात रस्ता अपघातातल्या ७१ जणांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापला. पहिल्या सहा तासांत अपघात थोडा आठवायला लावून टेट्रिस खेळायला दिला. तो पोरांचा ठोकळ्यांचा गेम! पुढच्या आठवड्यात डोळ्यांपुढं येणारी चित्रं त्यांना बरीच कमी आली. हा अपघाताचा प्रयोग आहे, बलात्काराचा नव्हे. उद्या कुणी 'टेट्रिस खेळा नि विसरा' म्हणत आला तर त्याला हाकलून द्या. पण दोन गोष्टी त्यातून घ्या. पहिल्या तासांत, पहिल्या दिवसांत केलेल्या साध्या गोष्टीलाही वजन असतं. आणि हे सगळं इस्पितळात, शेजारी शिकलेलं माणूस बसलेलं असताना झालंय. नुसता पडदा हातात देऊन कुणी घरी पाठवलेलं नाही.

आता आपल्याकडचा पडदा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका देशात शंभरात ५४. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका शंभरात ३३. पुरुष मात्र ५७. म्हणजे अ‍ॅप निघालं तेव्हाच बहुतेक बायका दाराबाहेर राहिल्या. उरलेल्यांचा फोन भावाच्या हातात, नवऱ्याच्या हातात. कुणाला फोन केला, काय लिहिलं, सगळं उघडं. पासवर्ड टाकला तर 'कुणाशी बोलतीस गं?' म्हणून मार. आणि हात टाकणारा घरातलाच असला तर? ज्या अ‍ॅपला हे सुचलेलं नाही ते वस्तीसाठी केलेलं नाही. ते अहवालातल्या फोटोसाठी केलेलं आहे.

चांगली कामं नाहीत असं नाही. मुंबईत सेहत या संस्थेनं महापालिकेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' सुरू केलं, इस्पितळाचाच विभाग म्हणून, इस्पितळाच्याच माणसांना शिकवून. टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये 'आयकॉल' काढलं. फोनवर, ई-मेलवर, पलीकडं शिकलेलं माणूस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस काढलं, १४४१६ हा नंबर, चोवीस तास. हे नंबर पाठ करा, वस्तीत सांगा. पण तक्रारही करा. टेलिमानस सगळ्याच मानसिक त्रासांसाठी आहे. बलात्कार झालेल्या पोरीसाठी वेगळी, ओळखीची, टिकणारी वाट नाही. आज एक आवाज, उद्या दुसरा. प्रत्येक नव्या आवाजाला गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

आता थोडं आपल्या पोरांबद्दल. सिद्धार्थनगरपासून घाटकोपरपर्यंतच्या पोरांनो, राग आला तरी चालेल. घटना घडली की पहिल्या तासात ग्रुपवर काय पडतं? तिचा फोटो. नाव, गाव, बापाचं नाव. कधी फाटक्या कपड्यांतला, कधी मेलेला देह. खाली 'शेअर करा, बहिणीला न्याय द्या.' अरे, न्याय कसला? तिच्याबाबतीतला पहिला डिजिटल हात आपलाच, आणि तो तिच्या अंगावरच! २०१८ मध्ये कठुआच्या चिमुरडीचं नाव छापलं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना दहा-दहा लाख भरायला लावले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ओळख उघड करायची नाही, मेलेल्या मुलीचीही नाही; आणि आंदोलनाला प्रतीक पाहिजे म्हणून नाव लागतं हेही कोर्टानं मानलं नाही. कोर्टानं सांगितलं म्हणून नव्हे, ती आपली म्हणून ऐका. तो फोटो तिच्या फोनवर परत येतो. वर्षानं येतो, लग्न ठरताना येतो. जे चित्र डोळ्यांपुढून जावं म्हणून ती झगडते, ते आपण तिच्या खिशात नेऊन ठेवतो.

आणि पोरगी कुणाची हे बघून दुःख मोजू नका. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत जे झालं ते राक्षसी होतं. त्या दुःखाच्या नावानं निघालेल्या मोर्च्यांतून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करा अशी मागणी झाली. त्या मागणीला आपण विरोध केला, उद्याही करू. पण त्या मुलीच्या घराचा आक्रोश खरा होता. ज्यांनी शेणाचे गोळे मारणाऱ्यांच्या विधवांना दार उघडलं, त्यांचे वारस म्हणवता ना? मग मराठ्याच्या पोरीसाठीही तोच फोन, तीच खोली, तेच माणूस मागा. आणि आपल्यातलाच कुणी गुन्हेगार निघाला तर त्याच्या मागं उभं राहू नका. वस्तीतल्या पोरीवर वस्तीतल्याच पोरानं हात टाकला, की 'चळवळ बदनाम होईल' म्हणून तिला गप्प करणारे आपल्यात कमी नाहीत. गावचा पाटील म्हणतो तेच हे. फक्त टोपी निळी.

म्हणून मागण्या. सरकारकडं आणि स्वतःकडंही.

एक. फोनच्या पलीकडं जिवंत माणूस पाहिजे, चोवीस तास. मराठी बोलणारं, आणि 'न्हाई', 'हाय', 'कुनास्नी' ऐकून नाक न मुरडणारं. यंत्रानं पत्ता सांगावा, औषधाची मुदत सांगावी. धीर द्यायचं काम यंत्रावर ढकलू नका.

दोन. पहिल्या फोननंतर एकच माणूस तिच्या सोबत राहील. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी, साक्षीच्या आदल्या रात्री. आणि फोन कधी करायचा, कुठल्या वेळेला, कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे ती ठरवील.

तीन. आधारासाठी तक्रारीची अट नको. आधी श्वास, मग फिर्याद. पोरगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं; हे तिला पहिल्याच वाक्यात खरं सांगा. फसवून बोलतं करू नका.

चार. तिनं रात्री जे लिहिलं ते तिचं. आधार नंबर मागू नका, ठिकाण टिपू नका, कंपनीला विकू नका, आरोपीच्या वकिलाच्या हातात पडेल असं साठवू नका. कुणी आलं की एका बोटात पडदा पुसला जाईल अशी सोय पाहिजे. लिहिता-वाचता न येणारीला आवाजाची वाट पाहिजे. स्वतःचा फोन नसणारीला दवाखान्यात दार लागणारी खोली आणि तिथला फोन पाहिजे.

पाच. हे काम करणाऱ्या बाया पगारी नेमा, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नाही. आणि दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त बायांना शिकवून नेमा. माणसं मिळत नाहीत म्हणू नका. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषदेला पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांच्या नातींना शिकवायची बुद्धी नाही, एवढंच म्हणा.

सहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं पीडितांच्या हक्कांचं सगळं प्रकरण घातलंय. त्यात पुनर्वसन हा शब्द आहे. पुनर्वसन म्हणजे घर, नोकरी आणि मनही. प्रत्येक जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत विचारा: किती धनादेश दिले ते कळलं, किती जणींना तीन महिने माणूस मिळालं, ते सांगा.

सात. आपल्या प्रत्येक शाखेनं दोन पोरी आणि एक पोरगा मानसिक प्रथमोपचार शिकायला पाठवायचा. ग्रुपवर नाव, फोटो टाकणाऱ्याला त्याच दिवशी काढायचं, मग तो अध्यक्ष का असेना. आणि मोर्चा काढायच्या आधी तिला विचारायचं. ती 'नको' म्हणाली तर काढायचा नाही.

सातवी मागणी जड जाईल, माहीत आहे. मोर्च्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मोर्चे काढूच, कलेक्टर कचेरीवर काढू, मंत्रालयावर काढू, आणि याच मागण्यांसाठी काढू. पण ज्या रात्री गडमुडशिंगीत नाहीतर गोवंडीत एखादी पोरगी पांघरुणाखाली फोन उघडून 'कुणी आहे का' असं लिहील, त्या रात्री मोर्चा उपयोगाचा नाही. 'आहे, बोल' म्हणणारं एक माणूस पाहिजे. ते सरकारकडून हिसकावून घ्यायचं आणि मिळेपर्यंत आपण व्हायचं. शाखेच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच घ्या.